पडद्याच्या अलीकडचं माणूस

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम गेल्या पंधरवड्यात नोकरी सोडून गेल्या. दुसऱ्या जिल्ह्यात त्यांना कायमची जागा मिळाली. मला राग आला, पण त्यांचा नव्हे. कंत्राट पुढं वाढतंय का, याची दरवर्षी वाट बघत त्या पोरीनं किती दिवस काढायचे? जाताना डॉक्टरांशी पडद्यावर बोलायचा टॅब त्यांनी आशाताईंच्या हवाली केला. टॅब चालू आहे, रेंज आहे, पलीकडे डॉक्टरही आहेत. अलीकडे पेशंटजवळ बसणारं कुणी नाही.

हे मी दुसऱ्यांदा बघतोय.

1 मे 1999 ला परभणीतून हिंगोली वेगळा जिल्हा झाला. नंतरच्या पाच-सहा वर्षांत आरोग्याचं सांगण्यासारखं काही घडलं नाही. पाट्या बदलल्या, आणि अत्यवस्थ माणूस पूर्वीसारखाच जीपमध्ये घालून 80-90 किलोमीटरवर नांदेडला जात राहिला. माझ्या मनात घर करून बसलंय ते 2005 नंतरचं दशक. तेव्हा मी मराठवाड्यातल्याच एका सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. इस्रोनं 2001 पासून उपग्रहावरून दवाखाने जोडायला घेतले होते, सप्टेंबर 2004 मध्ये एज्युसॅट उपग्रह आकाशात गेला आणि एप्रिल 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं. महाराष्ट्रात मुंबईचं केईएम रुग्णालय हे तज्ज्ञांचं केंद्र झालं. आमच्या गच्चीवरही उपग्रहाची छत्री बसली. खाली एका खोलीत एसी, मोठा पडदा, कॅमेरा, एक्स-रेचा स्कॅनर आणि कंत्राटावरचा एक तरुण ऑपरेटर.

एक पोरगा अजून डोळ्यांपुढे आहे. सहा-सात वर्षांचा, तोंड सुजलेलं, पोट टम्म. कुणीतरी सांगितलं होतं की किडन्या गेल्या, मुंबईला हलवा. बापानं घरातली हळद मिळेल त्या भावानं विकायला काढली होती. आम्ही लघवीचे आणि रक्ताचे रिपोर्ट पडद्यावर दाखवले. पलीकडच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी पोराला कॅमेऱ्याजवळ आणायला लावलं, पायावर बोट दाबून दाखवायला सांगितलं, आणि म्हणाल्या, "याला कुठंही हलवू नका, इथंच बरा होईल." स्टेरॉईडचा डोस वजनानुसार काढून दिला. रोज सकाळी परीक्षानळीत लघवी तापवून बघायची आणि आठवड्यानं पुन्हा भेटायचं, असं ठरलं. तिसऱ्या आठवड्यात लघवी स्वच्छ झाली. पोरगा चालत घरी गेला. हळद बापाकडेच राहिली.

मुंबईच्या बाईंचं ऋण मानतोच. पण रोज सकाळी नळी तापवून वहीत नोंद करणारी आमची सिस्टर नसती, लाईन तुटली की पुन्हा पुन्हा जोडणारा ऑपरेटर नसता, तर तो सल्ला कागदावरच राहिला असता. पडद्यावरचा डॉक्टर निम्मा दवाखाना असतो. उरलेला निम्मा पेशंटच्या बाजूला लागतो.

या निम्म्याचंच कुणी बघितलं नाही. ऑपरेटरचा पगार तीन-तीन महिने अडकायचा. यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या तेव्हा कळलं की यंत्र घ्यायला पैसे होते, दुरुस्तीचा खर्च टाकायला खातं नव्हतं. वरून विचारणा एकच, या महिन्यात केसेस किती? आकडा कमी पडला की बऱ्या झालेल्या पेशंटलाच पुन्हा कॅमेऱ्यापुढे बसवायचा हुकूम यायचा. मी एकदा नकार दिला, बैठकीत सर्वांसमोर बोलणी खाल्ली. तो नकार बरोबर होता, हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगतो. ऑपरेटर शेवटी मोबाईलच्या दुकानात लागला. त्याच्यामागोमाग तज्ज्ञांच्या वेळाही विस्कटल्या. त्या खोलीत पोलिओच्या लशीचे डबे ठेवले जाऊ लागले. कुणी कुलूप लावलं नव्हतं, तरी ती बंद पडली.

पुढची वर्षं सोडून देतो. एप्रिल 2020 मध्ये मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले राज्य राखीव पोलीस दलाचे जवान हिंगोलीत कोरोनाबाधित निघाले आणि जिल्हा हादरला. त्याच महिन्यात ई-संजीवनी या सरकारी सेवेची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. यावेळी छत्री लागली नाही, हातातला फोन पुरला. फेब्रुवारी 2023 पर्यंत देशभरात 10 कोटी सल्ले झाले. मला त्याचा आनंद आहे. पण सीएचओंच्या कामगिरीच्या मोबदल्यात पुन्हा सल्ल्यांचा आकडा शिरला, आणि ज्यांच्या जिवावर हे चालतं ते कंत्राटी कर्मचारी 2023 च्या दिवाळीच्या तोंडावर आणि पुन्हा ऑगस्ट 2025 मध्ये कायम करा म्हणत रस्त्यावर बसले.

हे टिकवता येतं. ब्राझीलच्या मिनास जेराइस प्रांतात 2006 मध्ये 82 छोट्या गावांत एवढंच सुरू केलं होतं की स्थानिक दवाखान्यानं ईसीजी काढून पाठवायचा आणि विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी तो वाचायचा. प्रयोगाची मुदत संपल्यावर सरकारनं खर्च उचलला आणि काम शेकडो गावांत पसरलं. आपल्याकडे 9 ऑक्टोबर 2024 ला हिंगोलीच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. तिथल्या प्राध्यापकांनी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी आपल्याच जिल्ह्यातल्या उपकेंद्रांसाठी पडद्यापुढे बसावं आणि उपकेंद्रातली जागा कायमची करावी. सेनगाव, औंढा, कळमनुरीच्या माणसाला याहून जास्त काही नकोय.

आमच्या शेजारच्या मावशींना बीपी आणि साखर दोन्ही आहे. मॅडम दर महिन्याला त्यांना टॅबपुढे बसवायच्या, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या मोजून द्यायच्या, पाय तपासायच्या. काल मावशींनी गोळ्यांची पिशवी माझ्यापुढे ओतली. "बघा बरं भाऊ, किती दिस पुरतील?"

मी मोजल्या. 11 दिवसांच्या आहेत.