व्होरू : ‘कालेविपोएग’ जिथे लिहिले गेले

एस्टोनियाच्या आग्नेय कोपऱ्यात, तामुला तळ्याच्या काठी व्होरू हे छोटे शहर आहे. रशियन सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या कारकिर्दीत, 1784 मध्ये ते वसवले गेले. एस्टोनियाचे राष्ट्रीय महाकाव्य ‘कालेविपोएग’ इथेच आकाराला आले. ते रचणारे फ्रिडरिख राइनहोल्ड क्रॉइट्सवाल्ड हे या गावचे डॉक्टर होते.

क्रॉइट्सवाल्ड यांचा जन्म 1803 मध्ये उत्तर एस्टोनियात, भूदास कुटुंबात झाला. तार्तू विद्यापीठात वैद्यकी शिकून ते 1833 मध्ये व्होरूला आले आणि 1877 पर्यंत इथेच रोगी तपासत राहिले. त्या काळी जमीनदार, धर्मगुरू आणि शिकलेली मंडळी जर्मन बोलत; एस्टोनियन ही शेतकऱ्यांची बोली समजली जाई. क्रॉइट्सवाल्ड यांनी त्याच भाषेतली गाणी आणि दंतकथा जमवल्या आणि त्याच भाषेत लिहिले.

महाकाव्याची मूळ कल्पना त्यांचे मित्र डॉ. फेलमान यांची. 1850 मध्ये फेलमान वारले आणि काम क्रॉइट्सवाल्ड यांच्याकडे आले. कालेव राजाचा महाबली पुत्र हा काव्याचा नायक. तो समुद्र पोहून फिनलंडला जातो, तिथल्या लोहाराकडून तलवार मिळवतो आणि रागाच्या भरात लोहाराच्या मुलाला मारतो. त्या पापाचा शाप त्याला भोवतो. अखेर त्याच तलवारीने त्याचे पाय तुटतात. विखुरलेल्या लोककथांची सलग कहाणी करताना बहुतेक ओळी क्रॉइट्सवाल्ड यांनी स्वतः रचल्या, पण छंद लोकगीतांचाच ठेवला. 20 सर्गांच्या या काव्यात सुमारे 19,000 ओळी आहेत.

1853 मधला पहिला खर्डा सरकारी सेन्सॉरशिपमुळे छापता आला नाही. पुढे तार्तूच्या विद्वत्सभेने वाढवलेले काव्य जर्मन भाषांतरासह 1857 ते 1861 या काळात प्रसिद्ध केले. अभ्यासग्रंथ म्हणून त्याला वाट मिळाली, मात्र ते सामान्यांच्या हाती पडले ते 1862 मध्ये, फिनलंडमधील कुओपिओ येथे छापलेल्या लोकावृत्तीमुळे. 1866 मध्ये क्रॉइट्सवाल्ड यांनी सांगितलेल्या एस्टोनियन लोककथांचा संग्रहही निघाला आणि तो घरोघरी वाचला गेला.

क्रॉइट्सवाल्ड यांच्या व्होरूतील घरात 1941 पासून त्यांचे स्मृतिसंग्रहालय आहे. तळ्याकाठच्या उद्यानात शिल्पकार आमांडुस आडामसन यांनी घडवलेला त्यांचा पुतळा 1926 मध्ये उभारण्यात आला. अखेरची वर्षे क्रॉइट्सवाल्ड यांनी तार्तूला काढली. 1882 मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले आणि तिथल्या राडी दफनभूमीत त्यांची समाधी आहे.