रोमचा पगार आणि ब्रह्मपुरीचा पोसायडन

जयसिंगपुरात पत्ता विचारला तर आधी नंबर कानावर पडतो: सहावी गल्ली, दहावी गल्ली. शाहू महाराजांनी वडील जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं हे गाव मिरज-कोल्हापूर रेल्वेच्या कडेला वसवलं. घरं आधी आणि रस्ते मागाहून, असं इथं झालं नाही. आखणी आधी झाली, रस्ते काटकोनात पडले. त्यामुळे रोमन प्रांतातली शहरं जयसिंगपूरकराला परकी वाटू नयेत.

अल्जीरियातलं तिमगाद घ्या. इ.स. 100 च्या सुमारास सम्राट ट्राजननं ते वसवलं आणि बांधलं तिसऱ्या ऑगस्टा लीजननं. म्हणजे सैनिकच गवंडी, सैनिकच मोजणीदार. नोकरी संपवून बाहेर पडणाऱ्या शिपायांना तिथं जागा मिळायची. उभे-आडवे रस्ते, सारख्या मापाचे चौक, मधोमध बाजारपेठ, शिवाय नाट्यगृह आणि ग्रंथालयसुद्धा. स्पेनमधलं मेरिदा त्याहून जुनं, इ.स.पू. 25 चं. तेही निवृत्त शिपायांसाठीच. व्हिएन्ना, बुडापेस्ट, बेलग्रेड यांची मुळंही रोमन छावण्यांपर्यंत जातात. छावणी पडली की तिच्या वेशीबाहेर दुकानं, खाणावळी, लोहार, शिपायांच्या बायकापोरांची घरं असं सगळं गोळा व्हायचं. कॅम्प आणि सदर बाजार ही जोडी आपल्याला इंग्रजांनी दाखवली, पण ती त्यांच्याही आधीची.

लीजन म्हणजे साधारण पाच हजारांची पलटण. आठ जणांचा एक तंबू, ऐंशींची एक तुकडी. ओळख नंबरानं, पण तो नंबर एकाच पलटणीचा असेल असं नाही. तिसरी ऑगस्टा, तिसरी सिरेनाइका आणि तिसरी गॅलिका या तिन्ही एकाच वेळी हयात होत्या. यादवी युद्धात प्रत्येक सेनापतीनं आपापली मोजणी पहिल्यापासून सुरू केली होती, त्याचा हा परिणाम. उलट 17, 18 आणि 19 हे नंबर मात्र कायमचे रद्द झाले. इ.स. 9 मध्ये जर्मनीच्या जंगलात या तिन्ही लीजन कापल्या गेल्या आणि पुढं कुणी ते नंबर वापरले नाहीत.

यातली एकही लीजन महाराष्ट्रात आली नाही. आपल्या दिशेनं त्यांची मजल तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकापर्यंत गेली. तिथल्या फरासान बेटांवर दुसऱ्या ट्रायाना लीजनच्या एका तुकडीचा लॅटिन शिलालेख सापडला आहे. त्याचा काळ इ.स. 143-144, म्हणजे आपल्याकडे सातवाहनांचा. इजिप्तमधल्या बेरेनिके बंदरापासून ही चौकी सुमारे हजार किलोमीटर दक्षिणेला होती. अरबी समुद्राकडं जाणारी जहाजं याच वाटेनं जात, मग पहारा तिथं बसणारच.

तलवार आली नाही, पैसा मात्र आला. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकानं कुरकुर केली आहे की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. त्या काळी लीजनच्या साध्या शिपायाचा वार्षिक पगार 900 सेस्टर्स होता. भागाकार केला तर पंचावन्न हजारांवर शिपायांचा, म्हणजे अकरा लीजनचा पगार निघतो. सगळ्या साम्राज्यात मिळून लीजन तिसाच्या आत होत्या. प्लिनीचा आकडा तंतोतंत धरू नये, तो गृहस्थ श्रीमंतांच्या चैनीवर चिडून लिहीत होता. शिवाय हिशेबाची दुसरी बाजू त्यानं मांडलीच नाही. पूर्वेकडून येणाऱ्या मालावर रोम 25 टक्के जकात घेत असे, आणि सरकारी खजिन्याचा सर्वांत मोठा खर्च सैन्यावरचाच. आपल्या मिऱ्यांवर, कापडावर किती शिपाई पोसले गेले असतील, याचाही अंदाज कुणीतरी करावा.

तो माल इकडं कसा फिरायचा हे ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासपुस्तिकेत आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, तेर तिथून आणखी दहा दिवसांवर. पैठणहून गोमेद, तेरहून कापड. कल्याणला चुकून ग्रीक जहाज शिरलं, तर ते पहाऱ्यात भडोचला पाठवलं जाई. उतरणाऱ्या मालात दारू (इटलीची असेल तर उत्तम!), तांबं, कथील, शिसं.

आता कोल्हापूर. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940 च्या दशकात कांस्यवस्तूंचा एक साठा निघाला. पुढं 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं रीतसर उत्खनन केलं. साठ्यातला मानकरी म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन. वीतभरही उंच नाही, पण दाढी आणि अंगाचा पीळ पाहून घडवणारा कसलेला होता हे लगेच कळतं. त्याचा त्रिशूळ आता नाही, तो धरण्यासाठी उचललेला हात आहे. त्रिशूळधारी देव कोल्हापूरकरांना महादेवच वाटला असेल तर त्यात नवल नाही. सोबत रोमन घाटाची सुरई आणि आरसाही मिळाला. काही अभ्यासकांच्या मते हा साठा मोडीच्या धातूचा होता. मला ते पटत नाही. मोडच करायची तर पोसायडन इतका धड राहिला नसता.

टॉलेमी या भूगोलकारानं इ.स. 150 च्या सुमारास हिप्पोकुरा या राजधानीत राज्य करणाऱ्या ‘बालेओकुरोस’चा उल्लेख केला आहे. कोल्हापुरात विळिवायकुर नावाच्या राजांची नाणी सापडतात, आणि अनेक अभ्यासक या दोघांची सांगड घालतात. तसं असेल तर अलेक्झांड्रियात बसलेल्या टॉलेमीला आमच्या भागातला राजा नावानिशी ठाऊक होता.

आणि ही वाट एकेरी नव्हती. बेरेनिकेत, जिथं सीरियातल्या पल्मायराचे धनुर्धारी रोमच्या चाकरीत पहारा देत, तिथं संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाल्याचं 2023 मध्ये जाहीर झालं. त्याच घोषणेत दुसऱ्या शतकातल्या दोन सातवाहन नाण्यांचाही उल्लेख होता.