एक दिवस, चार वादक

टोनी आयोमीचा तो बर्मिंगहॅममधल्या कारखान्यातला शेवटचा दिवस होता. वय 17. वाजवण्यासाठी युरोपात जायचं ठरलं होतं, जेवायला घरी आल्यावर परत जायची इच्छाही उरली नव्हती. पण आईनं दिवस पुरा करायला लावला. दुपारी पत्र्याच्या यंत्रात उजव्या हाताची मधली दोन बोटं सापडली आणि त्यांची टोकं तुटली. आयोमी डावखुरा. म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका हाच.

मग त्यानं साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं. टोपणाखाली तार जाणवत नाही, तेव्हा किती दाबायचं हे कानानं ठरवायला तो शिकला. जाड तारा झेपेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा चढवल्या. ‘ब्लॅक सॅबथ’ या त्याच्या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम लक्षपूर्वक ऐकताना या हाताचा विसर पडत नाही. मोजके स्वर, रुंद, लांबवलेले.

ऑक्टोबर 1969 मध्ये लंडनच्या रीजंट साउंड स्टुडिओत या अल्बमसाठी बँडला दोन दिवस मिळाले, त्यातला एक मिक्सिंगचा. वाजवायला एक दिवस. आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रम्सवर बिल वॉर्ड एकत्र वाजवत होते आणि ऑझी ऑस्बोर्न वेगळ्या खोलीतून त्याच वेळी गात होता. निर्माता रॉजर बेन, यंत्र चार ट्रॅकचं. बहुतेक गाण्यांना दुसरी फेरी मिळालीच नाही. ‘विकेड वर्ल्ड’ हे गाणं झाल्यावर आयोमीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारचा पिकअप बिघडला, म्हणून राखीव गिब्सन एसजी हातात घेतली; पुढे तीच त्याची ओळख झाली. एक दिवस म्हणजे बराच वेळ, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं, हे आयोमीनंच नंतर सांगितलं आहे. दुसऱ्या दिवशी ते 20 पौंडांच्या कार्यक्रमासाठी स्वित्झर्लंडला निघाले. पहिल्या गाण्याआधीचा पाऊस आणि घंटा त्यांच्या माघारी जोडली गेली.

ते पहिलं गाणं तीन स्वरांवर उभं आहे: षड्ज, वरचा षड्ज आणि तीव्र मध्यम. यमन ऐकत वाढलेल्या कानाला तीव्र मध्यमाची भीती वाटायचं कारण नाही. तिथं तो पंचमाची वाट दाखवतो. इथं मात्र तो थरथरत लटकून राहतो, लय जड पावलांनी सरकते, आणि परिचयाचा स्वर अचानक परका होतो. या जागी पुन्हा पुन्हा परतावंसं वाटतं. वॉर्डचे ड्रम्स किंचित मागे रेलतात, बटलरचा बास गिटारला बिलगून चालतो. चौघं एकमेकांकडे कान लावून आहेत, हे ऐकू येतं. एका दिवसाच्या घाईनं हे जपलं. चार महिने मिळाले असते तर कदाचित ते घासून गुळगुळीत झालं असतं.

13 फेब्रुवारी 1970, शुक्रवारी अल्बम बाजारात आला. ब्रिटनमध्ये तो आठव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत 23 व्या, आणि तिथल्या यादीत वर्षाहून अधिक काळ टिकला. समीक्षकांनी मात्र झोडपलं. ‘रोलिंग स्टोन’मध्ये लेस्टर बँग्जनं त्यांना क्रीम या बँडची निकृष्ट आवृत्ती ठरवलं. तुलना अगदीच निराधार नव्हती. ‘वॉर्निंग’ या गाण्यातलं लांबलचक गिटारवादन ब्लूजच्याच वाटेनं जातं आणि मध्येच रेंगाळतंही. पण क्रीमची मापं लावून पाहणाऱ्याला हा जडपणा केवळ कौशल्याची कमतरता वाटला, हा त्या समीक्षेतला मोठा दोष. ऑझीनं कत्तलखान्यात काम केलं होतं, आयोमीनं कारखान्यात बोटं गमावली होती. या चौघांनी दिवसभर वाजवलं ते ॲस्टनच्या कामगार वस्तीत वाढलेल्या पोरांचं संगीत होतं, आणि ते तशाच पोरांनी विकत घेतलं.

रेकॉर्ड कंपनी तेवढ्यावर थांबली नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘पॅरानॉइड’ आला, निर्माता पुन्हा रॉजर बेन, आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचला. 1972 मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या एका रॉक मासिकात बँग्जनं या बँडवर दोन भागांत दीर्घ लेख लिहिला. त्यात त्यानं त्यांना नीतीची चाड असलेले गीतकार मानलं होतं.