परत न आलेल्या रुग्णांचा हिशेब

कर्करोगावर उपचार घेतलेले आपले किती रुग्ण आज हयात आहेत, असे देणगीदार व विश्वस्त आम्हांस नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सोपे नाही. काही रुग्ण वर्षभर तपासणीस येतात आणि पुढे येईनासे होतात. प्रवासखर्च झेपत नाही, गाव सुटते, किंवा बरे वाटू लागल्यावर निकड उरत नाही. केसपेपरवरील शेवटची तारीख तेवढी आमच्यापाशी राहते.

समजा, दहा रुग्णांपैकी पहिल्या वर्षात दोघे दगावले. वर्ष सरताच तिघांचे येणे थांबले. उरलेल्या पाचांपैकी एक दुसऱ्या वर्षी निवर्तला. दोन वर्षे जगलेल्यांचे प्रमाण किती? न आलेल्यांस मृत धरल्यास ४० टक्के, हयात धरल्यास ७०, अजिबात वगळल्यास सुमारे ५७. कॅप्लन व मायर या अमेरिकी अभ्यासकांनी १९५८ साली मांडलेली रीत प्रत्येक टप्प्यावर जितके रुग्ण देखरेखीखाली आहेत तितक्यांचाच हिशेब करते. आधी दहांतील आठ, मग पाचांतील चार. गुणाकार ६४ टक्के. त्या तिघांचे एक वर्ष वाया जात नाही.

परंतु सर्व रुग्ण सारखे नसतात. वय, रोगाची अवस्था, उपचार यांचा भार वेगवेगळा कसा मोजावा? काळानुसार धोका कसा वाढतो वा घटतो हे आधी ठाऊक असावे लागेल, अशी अडचण होती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सर डेव्हिड कॉक्स (१९२४–२०२२) यांनी १९७२ साली ती दूर केली. ज्या क्षणी एक रुग्ण दगावतो, त्या क्षणी देखरेखीखाली असलेल्या इतरांशी त्याची तुलना करावी. एवढ्यावरच काम भागते. या कार्यासाठी त्यांना २०१६चे पहिले आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र पारितोषिक लाभले.

दोन्ही रीतींना एक अट आहे. न येण्याचे कारण प्रकृती ढासळणे हे नसावे. ते तिघे अंथरुणास खिळल्यामुळेच आले नसतील, तर ६४ हा आकडा खोटा ठरतो, आणि केसपेपर पाहून ते उमगत नाही. म्हणूनच आमचे समाजसेवा कार्यकर्ते घरी दूरध्वनी करतात. शोकग्रस्त घरी अशी चौकशी बोचते, याची आम्हांस जाणीव आहे. तरीही कुटुंबीयांस विनंती की, रुग्ण निवर्तला असल्यास केसपेपर क्रमांक व तारीख, एवढेच कळवावे. दोन ओळींचे पोस्टकार्डही पुरते.