पडद्यावरची स्वमग्न माणसे

चित्रपटातले पात्र आपल्याला जवळचे केव्हा वाटते? ते आपल्यासारखे दिसते म्हणून नव्हे. त्याला काय खुपते, काय हवे आहे आणि ते तसे का वागते, हे कळले म्हणजे ते आपले होते. ही साधी कसोटी घेऊन स्वमग्न माणसांची पडद्यावरील चित्रे तपासावी, एवढाच या लेखाचा हेतू. विषय करमणुकीचा वाटेल. पण ज्याच्याशी आपली कधी गाठ पडली नाही, त्याच्याविषयीचे आपले मत बहुधा पडदाच बनवीत असतो, आणि त्या मतावर कुणाची शाळा, कुणाची नोकरी अवलंबून असते.

प्रथम शब्दाकडे पाहू. स्वमग्न म्हणजे स्वतःत बुडालेला. निम्मा गैरसमज या शब्दातच आहे. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि ही अवस्था जगाला नावाने माहीत झाली. हा संसर्ग नव्हे, की आईबापांच्या वागण्याचे फळ नव्हे; मेंदूची घडणच वेगळी असते. कुणाला गोंगाट सोसत नाही, कुणाचा ठरलेला क्रम मोडला की जीव घाबरा होतो, कुणाला बोलण्यातली खोच कळत नाही, तर कुणी मुळीच बोलत नाही. त्याने जगाकडे पाठ फिरवलेली नसते. पुष्कळदा जगच अंगावर फार येते, म्हणून तो कान झाकून घेतो.

१९८८ सालच्या ‘रेन मॅन’ या अमेरिकन चित्रपटाने ही अवस्था घरोघर पोचविली. डस्टिन हॉफमनचा रेमंड जमिनीवर सांडलेल्या काड्यांची संख्या क्षणात सांगतो: २४६. चित्रपटाला ऑस्कर मिळाले, हॉफमनलाही मिळाले, आणि ते उगीच नव्हे. पण त्याबरोबर एक समजूतही पसरली, की स्वमग्न म्हणजे चालते गणितयंत्र. बहुसंख्य स्वमग्न माणसांना असली सिद्धी नसते. ज्या किम पीक यांच्यावरून हे पात्र सुचले, त्यांची अवस्था स्वमग्नतेची नसावी, असेच पुढे तज्ज्ञांचे मत पडले. शिवाय कथा आहे ती धाकट्या भावाची. तो बदलतो, शहाणा होतो. रेमंड मात्र अखेरीस संस्थेत परत जातो. त्याच्याविषयी आपल्याला कणव वाटते, पण आपण त्याच्या डोळ्यांनी पाहत नाही.

२०१० सालच्या ‘माय नेम इज खान’मध्ये एक पाऊल पुढे पडले. रिझवान आपली हकीकत स्वतः सांगतो. त्याला पिवळा रंग सोसत नाही, पण मोडलेली वस्तू दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

२०२२ सालच्या कोरियन मालिकेतील वकील ऊ यंग-ऊ हिच्याजवळ तर आपण सहज जाऊन बसतो. वडिलांच्या खानावळीतला किंबाप ती आवडीने खाते, कारण त्यात काय घातले आहे ते वरून दिसते. कचेरीच्या फिरत्या दारातून तिला जाता येत नाही. एक सहकारी तिला वॉल्ट्झ नाचाची तीन ठेक्यांची पावले शिकवितो आणि ती आत शिरते. सोय म्हणजे काय, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुणी सांगितले असेल. विद्यापीठात पहिली आलेल्या या मुलीला नोकरी मात्र कोणी देत नव्हते, हेही मालिका लपवीत नाही. तिसऱ्या भागात तिच्याहून अगदी निराळा स्वमग्न तरुण येतो. म्हणजे दोन स्वमग्न माणसे एकसारखी नसतात, हेही प्रेक्षकाला समजते.

आता कामगार चळवळीतला माणूस विचारणारच असा प्रश्न: ही भूमिका कुणाला मिळाली? वरील तिन्ही भूमिका स्वमग्न नसलेल्या नटांनी केल्या. नटाने दुसऱ्याचे सोंग घ्यावे हे खरे. पण ज्याला कोणी दारात उभे करीत नाही, त्याच्या जगण्यावरची भूमिकाही त्याला मिळू नये, हा न्याय नव्हे. २०२२ च्या ‘अ‍ॅज वी सी इट’ या अमेरिकन मालिकेत तिन्ही प्रमुख स्वमग्न पात्रे स्वमग्न कलावंतांनीच केली. अवस्था निराळी असली तरी आपल्याकडेही उदाहरण आहे: २०१४ च्या ‘यलो’ या मराठी चित्रपटात डाउन सिंड्रोम असलेल्या जलतरणपटू गौरी गाडगीळ यांनी स्वतःचीच भूमिका केली.

पडद्यावरून कामाच्या जागेकडे वळू. खातेचौकशीत कामगार नजरेला नजर देत नाही, म्हणून तो खोटे बोलतो, असा तर्क आम्ही अनेकदा ऐकला आहे. मुलाखतीत हसला नाही, म्हणून उमेदवार उर्मट ठरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेला स्थान दिले, सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा दिव्यांगांसाठी राखल्या. त्यांतील १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार इत्यादींसाठी मिळून आहे. पण कायदा जागा राखतो, शेजारी बसणाऱ्याचे मन राखीत नाही. ते काम चांगली कथा करू शकते.

तेव्हा पुढच्या वेळी असे पात्र दिसले, की त्याची करामत मोजू नये. त्याच्या वाटेत कोणते फिरते दार आहे, ते पाहावे. आणि आपल्या कचेरीत, शाळेत, चाळीत तसले दार कोठे आहे, तेही शोधावे.