बीबी का मकबरा : उद्यान, मशीद व एक कालप्रश्न

छत्रपती संभाजीनगर (२०२३ पर्यंतचे औरंगाबाद) येथील बीबी का मकबरा पाहावयास जाणारा प्रवासी बहुधा ताजमहालाचे चित्र मनात घेऊनच जातो, आणि त्या मानाने येथे काय उणे आहे ते मोजून परततो. वस्तुतः येथे प्रथम पाहावयाचे ते उद्यान होय.

सुमारे ४५८ मीटर लांब व २७५ मीटर रुंद अशा तटबंद आवारात हे उद्यान चारबाग पद्धतीने, म्हणजे परस्परांस छेदणाऱ्या मार्गांनी चार भाग पाडून, आखलेले आहे. दक्षिणेच्या दरवाजातून आत शिरताच मध्यमार्गातील हौद व कारंजी दृष्टीला थेट कबरीकडे नेतात. ताजमहाल बागेच्या टोकास, यमुनेच्या काठी आहे. मकबरा बागेच्या मध्यावर आहे. ही मांडणी दिल्लीच्या हुमायूनच्या कबरीशी अधिक जुळते. तेव्हा मकबऱ्यास ताजची निव्वळ नक्कल म्हणणाऱ्याने आराखड्याकडे लक्षच दिलेले नसते. काटकसर मात्र उघड आहे : संगमरवर खालच्या पट्ट्यात व घुमटास; मधला भाग काळ्या दगडाचा, वर चुन्याचा नक्षीदार गिलावा.

कबरीच्या पश्चिमेस मशीद आहे. ती मूळ योजनेतील नसून निजामाच्या अमदानीत बांधली गेली. आग्र्यास पश्चिमेच्या मशिदीचा तोल पूर्वेकडील तशाच इमारतीने सांभाळला आहे. येथे पूर्वेस तिची जोड नाही. डोळ्यास खटकणारा हा एकांगीपणा अभ्यासकास उपकारकच ठरतो, कारण मागाहूनची भर त्यावरून आपोआप ओळखू येते.

आता कालाचा प्रश्न. औरंगजेबाचा पुत्र आझमशहा याने आपल्या आईसाठी ही वास्तू बांधली, असे सर्रास सांगण्यात येते. बांधकामाचा काळ म्हणून १६५१ ते १६६१ ही वर्षेही देतात. परंतु दिलरासबानू बेगमेचा मृत्यू ऑक्टोबर १६५७ मधील, तर आझमशहाचा जन्म १६५३ मधील. म्हणजे आई जिवंत असता, स्वतःच्या जन्माच्याही दोन वर्षे आधी, पुत्राने तिची कबर बांधावयास घेतली असे मानावे लागेल! १६६१ साली शहाजादा अवघा आठ वर्षांचा होता. मूळ बांधकाम बेगमेच्या मृत्यूनंतर औरंगजेबाच्याच आज्ञेने झाले, असे मानणे अधिक सयुक्तिक. आझमशहाचा संबंध आला असल्यास तो पुढील काळातील देखभालीपुरताच असावा.

कर्त्यांची नावे तर मुख्य दरवाजावरील लेखातच आहेत : शिल्पकार अताउल्ला व स्थापत्य-अभियंता हंसपतराय. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचे नाव जोडले जाते त्या उस्ताद अहमद लाहोरीचा पुत्र. आत जाणारा प्रत्येक जण त्या दरवाजातूनच जातो.