कोर्टरूम नंबर सात आणि ‘२०० हल्ला हो’

‘२०० हल्ला हो’ हा सार्थक दासगुप्ता दिग्दर्शित हिंदी चित्रपट ऑगस्ट २०२१ मध्ये झी फाइव्हवर आला. त्याच्या मुळाशी नागपुरात घडलेली घटना आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी जिल्हा न्यायालयाच्या सात नंबरच्या कोर्टरूममध्ये, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या अक्कू यादव या गुंडाला कस्तुरबानगरातल्या बायकांच्या जमावाने ठार मारले. बायकांकडे मिरचीपूड होती, दगड होते आणि घरातल्या भाजी चिरायच्या सुऱ्या होत्या. यादवच्या अंगावर सत्तरहून अधिक वार झाल्याचे सांगितले जाते.

कस्तुरबानगर ही मोठ्या प्रमाणावर दलितांची वस्ती. खून, बलात्कार, खंडणी असे आरोप यादववर वर्षानुवर्षे होते. तक्रार केली तर ती त्याच्याच कानावर जाते, अटक झाली तरी तो सुटून येतो, हा वस्तीचा अनुभव होता. त्या दिवशीही त्याला जामीन मिळणार अशी बातमी पसरली आणि बायका कोर्टाकडे निघाल्या.

पोलिसांनी पाच जणींना पकडले, तेव्हा बाकीच्या पुढे येऊन म्हणू लागल्या की मारले ते आम्ही सगळ्यांनी, अटकही सगळ्यांना करा. ही एकजूट खटल्याच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट होती. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेचे कलम १४९ बेकायदा जमावातल्या प्रत्येकाला जबाबदार धरत असे खरे. पण अमुक व्यक्ती त्या जमावात होती, हे तरी सरकारी पक्षाला सिद्ध करावेच लागते. अखेर २०१४ मध्ये १८ आरोपींची पुराव्याअभावी निर्दोष सुटका झाली. म्हणजे हत्या योग्य होती असे न्यायालयाने म्हटले नाही. ती या आरोपींनी केली हे शाबीत झाले नाही, एवढाच त्या निकालाचा अर्थ. तोवर दहा वर्षे तारखांमध्ये गेली होती.

चित्रपटात वस्तीचे नाव राहीनगर आहे. रिंकू राजगुरूने वस्तीतल्या शिकलेल्या, बोलत्या आशा सुर्वेचे काम केले आहे. अमोल पालेकर निवृत्त न्यायाधीश विठ्ठल डांगळे झाले आहेत. बऱ्याच वर्षांनी ते पडद्यावर दिसले. सत्यशोधन समितीचे प्रमुख असलेले डांगळे स्वतः दलित, पण प्रकरणात जात आणायला ते तयार नसतात. आशा त्यांना ठणकावून विचारते की जातीची आठवण आम्हाला रोज करून दिली जाते, मग आम्हीच तिच्याबद्दल का बोलू नये? पुढच्या लांबलचक भाषणांपेक्षा ही समोरासमोरची चकमक कितीतरी जोरकस आहे. पालेकरांचा शांत चेहरा तिथे हळूहळू बदलत जातो.

याच जातकुळीचा अमेरिकी चित्रपट म्हणजे ‘अ टाइम टू किल’ (१९९६), जॉन ग्रिशमच्या १९८९ च्या कादंबरीवरचा. मिसिसिपीत लहान मुलीवर अत्याचार करणाऱ्या दोन गोऱ्यांना तिचा कृष्णवर्णीय बाप कोर्टाच्या इमारतीतच गोळ्या घालतो. वकील ज्युरीला डोळे मिटायला लावतो, मुलीचे हाल सांगतो आणि शेवटी म्हणतो, आता ती गोरी आहे अशी कल्पना करा. भारतात असे आवाहन करायला ज्युरीच उरलेली नाही. १९५९ च्या नानावटी खून खटल्यात मुंबईतल्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, तो कौल उच्च न्यायालयाने फिरवला, आणि पुढे ज्युरीची पद्धतच बंद झाली. इथे न्यायाधीशाला कारणे लिहून निकाल द्यावा लागतो. म्हणूनच डांगळ्यांचे मन बदलणे हा चित्रपटाचा कणा ठरतो. प्रत्यक्षातल्या खटल्यात मात्र आरोपी सुटले ते पुरावा तोकडा पडल्यामुळे.

२०२२ मध्ये उमेश विनायक कुलकर्णी यांनी याच घटनेवर नेटफ्लिक्ससाठी तीन भागांची माहितीपट मालिका केली. त्यात कस्तुरबानगरातली माणसे स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून ते दिवस सांगतात.